चौकडीचा उतरलेला गंधार

डॉ. मधुमती रेगे यांनी उभी नोकरी लोकांचे कान तपासण्यात घालवली होती, आणि त्यामुळेच कानांवर त्यांचा फारसा विश्वास उरला नव्हता. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलेला माणूस, यंत्रातून काहीही वाजत नसताना, ऐकू आल्याचे बटण दाबतो. हा प्रकार त्यांनी इतक्यांदा पाहिला होता की ‘मी माझ्या कानांनी ऐकलं’ या वाक्याला त्यांच्या लेखी ‘मला असं वाटलं’ यापेक्षा जास्त वजन नव्हते. तरीही २००७ सालच्या मार्चमध्ये, लंडनमधल्या क्रॉयडनला ट्रामच्या रुळांलगत असलेल्या एका छोट्या स्टुडिओत बसून, त्यांनी नेमके तेच वाक्य उच्चारले.

“ही सुप्रभा नाही,” त्या म्हणाल्या. “मी माझ्या कानांनी ऐकतेय.”

स्टुडिओ सुयशचा होता आणि सुयश सुप्रभाचा मुलगा. त्याचा जन्म इल्फर्डचा, वय अडतीस. आठवडाभर तो एका विमा कंपनीचे संगणक सांभाळत असे आणि शनिवार-रविवारी या खोलीत लोकांची गाणी ध्वनिमुद्रित करत असे. आईला जाऊन तेरा वर्षे झाली होती. समोरच्या पडद्यावर तिच्या आवाजाची हिरवी रेघ स्थिर उभी होती, आणि रेघेवरचा प्रत्येक गंधार आखलेल्या ओळीवर तंतोतंत बसवलेला दिसत होता. बत्तीस वर्षांपूर्वी तो तिथे नव्हता, हे मधुमतीबाईंना पक्के ठाऊक होते.

“मावशी, थोडीच वर घेतलीय,” सुयश म्हणाला. “आईची आवाज त्या जागी फ्लॅट जाते. प्रत्येक वेळी.”

मागच्या सोफ्यावर बसलेल्या पुरुषोत्तम देवधरांनी खिशातून रुमाल काढून विनाकारण चष्मा पुसला. पुढे काय होणार हे त्यांना कळले होते.

हे ‘पुढे’ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७३ साली इल्फर्डच्या एका साप्ताहिकाने आतल्या पानावर अशी बातमी छापली की लंडनमध्ये एक भारतीय ‘सुपरग्रुप’ जन्माला आला आहे. आधीच नावाजलेल्या गटांतली नावाजलेली माणसे एकत्र येऊन नवा गट काढतात, त्याला त्या काळी हा शब्द वापरत. मधुमतीबाईंच्या मते शब्द तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. फक्त चौघांची कीर्ती एकत्र केली असती तरी ती दोन बसगाड्यांत मावली असती. पुरुषोत्तम दिवसा दातांचे डॉक्टर आणि रात्री एका इंग्रजी फोक-रॉक बँडमध्ये गिटारवादक. खांद्यापर्यंत केस वाढवलेल्या डॉक्टरच्या हाती तोंड द्यायला पेशंट कां-कू करत. शशी कर्णिक वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या एका गावी डॉक्टर होता आणि तिथल्या प्रार्थनामंदिराच्या पुरुष गायकवृंदात खर्ज गात असे. गावकऱ्यांपेक्षा त्याचे वेल्श उच्चार शुद्ध होते, असे तो स्वतःच सांगे. सुप्रभा जोगळेकर म्हणजे महाराष्ट्र मंडळाच्या भावगीतांच्या कार्यक्रमाचे मुख्य आकर्षण. आणि मधुमती पबच्या माडीवर भरणाऱ्या फोक क्लबात, कोणत्याही वाद्याशिवाय, कानामागे हात धरून गाणाऱ्यांपैकी एक.

या चौघांनी जात्यावरच्या ओव्या, शेतातली भलरी आणि पाळणे घेतले आणि ते चार वेगवेगळ्या सुरांत एकाच वेळी म्हटले. आज यात कोणाला काही वावगे वाटणार नाही. तेव्हा वाटले. आपल्याकडे चार माणसे एकत्र गातात तेव्हा एकच सूर गातात, आणि एखाद्याचा वेगळा लागला तर तो चुकला असे समजतात. मंडळाच्या तत्कालीन चिटणीसांनी पहिला कार्यक्रम ऐकून भर सभेत विचारले की ही चांडाळचौकडी कुठून गोळा केली. पुढच्याच आठवड्याच्या भित्तिपत्रकावर गटाचे नाव छापून आले: ‘चौकडी’. कल्पना सुप्रभाची होती. चिटणीसांच्या घरी पत्रक नेऊन द्यायलाही तीच गेली, आणि चहा घेऊन आली.

गटाचा एक नियम मात्र बाहेरच्या कोणाला माहीत नव्हता. गिटारवर गंधार वाजवायचा नाही. पहिल्या बैठकीतच गिटार आणि तंबोरा यांचे जमेना. गिटारचे पडदे दांड्यावर कायमचे ठोकलेले असतात, आणि ते ठोकताना एक तडजोड केलेली असते: प्रत्येक सूर थोडाथोडा चुकवायचा, म्हणजे कोणताच फार चुकत नाही. पेटीचेही तेच. तंबोऱ्याला ही तडजोड ठाऊक नसते. त्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो, आणि तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. अर्ध्या सुराचे सात भाग केले, तर त्यातला एक भाग खाली. जुने गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि म्हणताना कानाला हात लावतात. मधुमतीबाईंनी त्या वेळी सर्वांना कागदावर काढून दाखवले होते की यात दैवी काही नाही. ताण दिलेली तार पाच भागांत कंप पावते, आणि त्यावाचून तिला गत्यंतर नसते.

“म्हणजे तार खोटं बोलू शकत नाही,” सुप्रभा म्हणाली होती. “मग मी तारेचं ऐकते. तुम्ही माझं ऐका.”

त्याप्रमाणे पुरुषोत्तमने गिटारच्या तारा सा-प-सा-म-प-सा अशा लावल्या, गंधाराची जागा मोकळी ठेवली, आणि त्या जागी सुप्रभा तारेला विचारून आपला स्वर ठेवू लागली. बाकीचे तिघे तिला टेकून उभे राहात. चौघांचे एकमत झाल्याशिवाय कोणत्याही गाण्यात काही बदलायचे नाही, हा दुसरा नियम. १९७५ साली एक तबकडी निघाली, काहीशे प्रती संपल्या, आणि मग कॅसेटवरून कॅसेटवर उतरत ती ब्रिटनभर फिरली. रविवारच्या मराठी वर्गात ज्या मुलांना धड पाणी मागता येत नसे, ती मुले भलरी तीन आवाजांत म्हणू लागली. यॉर्कशरमधल्या एका इंग्रज गायकवृंदाने तीच भलरी उचलली. अर्थ कोणालाच माहीत नव्हता, पण धाप लागेपर्यंत गात. लेस्टरच्या एका लग्नात नवरीच्या आत्याने मधुमतीबाईंना सांगितले की आमच्या साताऱ्याकडे बायका पूर्वापार अशाच तीन सुरांत गातात. समोर येईल त्याची चूक दुरुस्त करणाऱ्या मधुमतीबाई तेवढ्या वेळी गप्प बसल्या. ‘सांस्कृतिक प्रभाव’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता, कारण चौकडी झालीच नसती तर काय झाले असते याचे मोजमाप कोणाकडेच नव्हते. पण आत्याबाईंची साक्ष त्यांनी मनात जपून ठेवली.

आता गट फुटून अठ्ठावीस वर्षे लोटल्यावर त्या तबकडीची सीडी निघणार होती. त्या उन्हाळ्यात एजवेअरला मराठी संमेलन भरायचे होते. संमेलनाचा कार्याध्यक्ष यशोधन पुण्याहून आयटीच्या नोकरीवर आलेला, उत्साही आणि कामाचा माणूस होता. त्याचे म्हणणे एवढेच की आजच्या पिढीला पोकळ वाटेल असे काही नको. थोडा भरणा करा. सुयशने मूळ टेप मिळवल्या. त्या काळच्या टेप आता चिकट होतात, म्हणून त्या ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजून कोरड्या केल्या आणि प्रत्येक आवाज वेगळा करून संगणकात घेतला. तंबोऱ्याची घूं-घूं गढूळ वाटली म्हणून ती बंद केली. मग भरणा म्हणून खाली कीबोर्डचे सूर पसरले. आणि त्या सुरांवर ठेवताच आईचा गंधार उघड-उघड उतरलेला ऐकू आला.

“लोक हसतील तिला,” सुयश म्हणाला. “परत.”

या ‘परत’मध्ये काय आहे ते त्याने मग सांगितले, मोडक्यातोडक्या मराठीत, मध्येच इंग्रजीत घसरत. तो सहा-सात वर्षांचा असताना कोणीतरी पेटीवाल्याने मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्याने म्हटले होते की जोगळेकरबाईंचा गंधार उतरतो. त्याच वर्षी कित्येक महिने आई स्वयंपाकघरात पेटी घेऊन बसायची. एक पट्टी दाबायची, तोच सूर लावायची. पुन्हा दाबायची, पुन्हा लावायची. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या. तिला जमले नाही ते तो आता करून देत होता. संगणकाला त्याला फक्त एक दुपार लागली होती.

मधुमतीबाईंनी शांतपणे सांगितले की त्याने पाहिले ते बरोबर, लावलेला अर्थ चुकीचा. मंडळाने पुढच्या कार्यक्रमात पेटीची साथ सक्तीची केली होती. पेटी शेजारी वाजत असताना आपला गंधार तिच्याकडे ओढला जाऊ नये, म्हणून सुप्रभा पेटी वाजवूनच सराव करत होती.

सुयशने मान हलवली. पटले म्हणून नव्हे. म्हाताऱ्या माणसाचे मन राखावे म्हणून.

“तुम्ही तिची फ्रेंड आहात, मावशी. तुम्ही असंच म्हणणार.”

हा आक्षेप मधुमतीबाईंना मनापासून आवडला. बत्तीस वर्षांपूर्वीची आठवण, तीही पक्षपाती साक्षीदाराची, हा पुरावा त्यांनी स्वतःही स्वीकारला नसता. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला. सगळे मूळ गंधार पडद्यावर एकाखाली एक मांड, असे त्याला सांगितले. ते सगळे सारखेच खाली होते. बेसूर माणसाचा स्वर कधी वर जातो, कधी खाली, चूक पसरते. हा स्वर पसरलेला नव्हता.

“सवय पण असते ना,” सुयश म्हणाला. “रोज सेम चूक.”

हेही बरोबर होते. पोरगा आईवर गेला होता.

तेव्हा मधुमतीबाईंनी, जराशा ताठ्यानेच, सांगितले की फरक कानाला कळतो आणि त्या तो सिद्ध करून दाखवतील. पद्धत त्यांनीच ठरवली, कारण दुसऱ्या कोणाच्या पद्धतीवर त्यांचा भरवसा बसला नसता. कीबोर्ड बंद. सुप्रभाचा एकटीचा आवाज, एकदा मूळ आणि एकदा सुधारलेला. कोणता आधी वाजवायचा ते पुरुषोत्तम नाणे उडवून ठरवणार. मधुमतीबाई पडद्याकडे पाठ करून बसणार, आणि कोणीही खाकरायचेसुद्धा नाही.

पुरुषोत्तमनी खिशातून पन्नास पेन्सचे नाणे काढले. “मधू, अजून विचार कर,” ते म्हणाले. “तू कधी स्वतःवर प्रयोग केलेला नाहीस.”

“नाणं उडव, पुरु.”

चाचणी बराच वेळ चालली. मधुमतीबाई प्रत्येक जोडीनंतर न घुटमळता उत्तर देत होत्या. शेवटी पुरुषोत्तमनी कागद पुढे केला. त्यांचा चेहरा पाहूनच त्या समजल्या. जवळपास निम्मी उत्तरे बरोबर होती आणि निम्मी चूक. उत्तरांसाठीही नाणेच उडवले असते, तरी निकाल हाच आला असता.

कारणे त्यांना पाठ होती. एकोणसत्तरीचे कान, आणि त्यात बसवलेले श्रवणयंत्र. ती यंत्रे बोलणे कळावे म्हणून बनवलेली असतात. लांबलेला स्वर कानी आला की यंत्राला वाटते आपणच शिट्टी मारतो आहोत, आणि ते तो स्वर दाबून टाकते. हे वाक्य त्यांनी स्वतः शेकडो पेशंटना समजावून सांगितले होते. मग तासाभरापूर्वी त्यांना काय ऐकू आले होते? काही नाही. पडद्यावरची ओळीवर बसवलेली रेघ डोळ्यांनी पाहिली, आणि कानांनी डोळ्यांची री ओढली. काचेच्या खोलीत, यंत्र बंद असताना, त्यांनी बटण दाबले होते.

सुयश उठून चहा करून घेऊन आला. त्याच्या आवाजात एकाएकी मऊपणा आला होता, आणि तो त्यांना चांगलाच ओळखीचा होता. बहिऱ्या माणसांना घरी पाठवताना त्या स्वतः तोच वापरत. इट्स फाइन, मावशी, तो म्हणाला, कोणालाच कळणार नाही. शशीकाकांशीही फोनवर बोलणे झाले होते. त्यांना त्याने दोन्ही ऐकवले होते आणि त्यांनी कळवले होते की दोन्हींत खर्ज उत्तम लागला आहे, बाकी तुम्ही बघा. राहता राहिला पुरुषोत्तमकाकांचा आणि मावशींचा होकार.

मधुमतीबाईंनी चहा बाजूला ठेवला.

“निकाल मान्य आहे,” त्या म्हणाल्या. “मला फरक कळत नाही. सीडीला माझा होकार नाही.”

सुयशचा मऊपणा तिथेच संपला. टेप फार काळ टिकणार नाहीत, हे त्याने सांगितले. संमेलन गेले की ही गाणी कोणी विचारणार नाही, हेही सांगितले. “जे तुम्हाला ऐकूच येत नाही, ते तुम्ही वाचवणार?”

“क्ष-किरण मला दिसत नाहीत. म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहात नाही.”

“धिस इज नॉट सायन्स, मावशी. हा हट्ट आहे.”

“आहेच,” मधुमतीबाई म्हणाल्या. “पण तपासून घेता येईल असा आहे. माझ्या कानांचा निकाल लागला, सुयश. तुझ्या आईचा अजून लागायचाय. तू कीबोर्ड पसरलास आणि तिला कीबोर्डच्या पट्टीने मोजलंस. ती ज्याला विचारून गायली, त्याचं तोंड तू बंद करून ठेवलं आहेस. तो तंबोरा चालू कर. मी आधीच सांगून ठेवते काय होईल ते. तंबोऱ्याशेजारी तुझा गंधार थरथरेल, सेकंदाला पाच-सहा वेळा, जसं पाण्यावरचं ऊन. तिचा मूळचा स्थिर राहील. मला यातलं काहीही ऐकू येणार नाही. तुला येईल. आणि तसं झालं नाही तर माझा होकार घे, हवं तर त्यावर ढोलसुद्धा बडव.”

पुरुषोत्तम हसले. सुयश हसला नाही. त्याने कीबोर्डचा आवाज शून्यावर आणला, तंबोऱ्याची पट्टी शोधून वर सरकवली, आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. “काका, टॉस करा,” तो म्हणाला. स्वतःला वेगळा नियम लावण्याइतका तो लबाड नव्हता; मधुमतीबाईंनी मनातल्या मनात त्याचे गुण वाढवले.

पुरुषोत्तमनी नाणे उडवले आणि सुयशने दाखवून ठेवलेल्या दोन बटणांपैकी एक दाबले. मधुमतीबाईंच्या यंत्रातून काहीतरी लांबट, ओळखू न येणारे पाझरले. त्या सुयशच्या पाठीकडे पाहात राहिल्या. खांदे किंचित वर चढलेले.

“शेक होते,” तो म्हणाला. “हे माझं.”

पुन्हा नाणे, पुन्हा बटण. या वेळी खांदे खाली आले. तो काही बोलेपर्यंत गाण्याची ओळ संपून गेली होती.

“हे तिचं.”

असे बराच वेळ चालले. पुरुषोत्तम कागदावर खुणा करत होते, आणि एकदाही त्यांना फुली मारावी लागली नाही. शेवटी शेवटी सुयश नाणे पडण्याचीही वाट पाहीना. ‘परत लावा, तिचं लावा’ एवढेच म्हणत होता. मग तो स्वतःच उठला आणि मूळ गाणे, नुसता तंबोरा आणि नुसती आई, सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावले. गाणे संपल्यावरही तंबोरा थोडा वेळ वाजत राहिला. त्या काळी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला टेप लगेच बंद करण्याची घाई नव्हती.

“काय ऐकू येतं?” मधुमतीबाईंनी विचारले. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर लोकांना विचारला होता. उत्तराची खरोखर गरज असण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती.

सुयशला शब्द शोधावे लागले. “ती हलत नाही,” तो म्हणाला. “ती तंबोऱ्याच्या आत जाऊन बसते. मग तंबोरा मोठी होते.” मग त्याने विचारले, “म्हणजे किचनमध्ये ती पेटीशी भांडत होती?”

“रोज.”

“जिंकली?”

“पेटीला हरवता येत नाही रे. तिचे सूर कारखान्यात ठोकलेले असतात. पण कार्यक्रमाला सगळा वेळ पेटी शेजारी वाजत होती, आणि ही आपल्या जागी उभी होती. वाजवणाराच घामाघूम झाला.”

“म्हणूनच तो तसा बोलला,” पुरुषोत्तम म्हणाले. “आधी हळू बोलायचा. त्या दिवसानंतर मोठ्याने बोलायला लागला.”

सुयशने पडद्यावरची आपली दुपारभराची सगळी मेहनत निवडली आणि पुसून टाकली. बोट बटणावर जाण्याआधी अर्धा क्षण थांबले. मधुमतीबाईंनी ते पाहिले आणि तिकडे दुर्लक्ष केले.

यशोधनला हे कळवायचे काम सुयशनेच अंगावर घेतले. यशोधन फोनवर चिडला नाही. तो चिडणाऱ्यांतला नव्हता. त्याने समजावणीच्या सुरात सांगितले की समितीपुढे वेगळा नमुना ठेवला होता, त्यावरच संध्याकाळची वेळ मिळाली होती, आणि नुसत्या तंबोऱ्यावर आठशे माणसे बसवून ठेवणे धोक्याचे आहे. कीबोर्ड नसेल तर प्रकाशन दुपारी, जेवण आणि प्रश्नमंजूषा यांच्या मधल्या वेळात करावे लागेल. सुयशने चालेल म्हणून सांगितले. मधुमतीबाईंना हे समजले तेव्हा त्यांनी जेवणात काय आहे एवढेच विचारले. श्रीखंड असेल तर निम्मे लोक झोपलेले असतील, आणि झोपलेला माणूस टाळ्याही वाजवत नाही आणि नावेही ठेवत नाही.

श्रीखंडच होते. जुलैतल्या त्या दुपारी एजवेअरच्या शाळेच्या सभागृहात निम्म्याहून अधिक खुर्च्या भरल्या, आणि त्यातल्या बऱ्याच माणसांचे डोळे मिटत आले होते. शशी कर्णिक वेल्सहून आला होता आणि भेटेल त्याला आपला खर्ज ऐकण्याची सूचना देत होता. व्यासपीठावर यशोधनने चौकडीची ओळख करून दिली. माहिती अचूक होती, सूर आदराचा होता. शेवटी तो म्हणाला की हे ध्वनिमुद्रण मूळ स्वरूपात सादर होत आहे, तरी रसिकांनी त्या काळच्या तांत्रिक मर्यादा लक्षात घेऊन काही उणिवा पोटात घालाव्यात.

मधुमतीबाई खुर्चीतून उठू लागल्या. पण त्या पुरत्या उभ्या राहण्याआधीच सुयश मायक्रोफोनपाशी पोचला होता. मराठीतून चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. कागद आणला नव्हता. यशोधनने सौजन्याने जागा दिली.

“एक मिनिट,” सुयश म्हणाला. “लिमिटेशन नाहीये. आईचा गंधार तुमच्या पेटीपेक्षा खाली आहे. ते तिने ठरवलेलं. मी ते बदललेलं, मी परत तसंच केलं. तुम्हाला चुकलेलं वाटेल. वाटू दे. सॉरी वगैरे म्हणायचं नाहीये.”

सभागृहात एक कुजबुज उठली आणि डोळे मिटलेल्यांपैकी काहींनी ते उघडले. यशोधन हसला; त्याच्या हाती तेवढेच होते. सुयशने तांत्रिक टेबलाकडे खूण केली आणि व्यासपीठावरून खाली येऊन मधुमतीबाईंच्या शेजारी बसला. हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

मोठ्या ध्वनिक्षेपकांतून तंबोरा सुरू झाला, मागोमाग गिटार, आणि मग चौघे. मधुमतीबाईंच्या यंत्राने स्वरांचे जे करायचे तेच केले. घोगरे, तुटक, पाण्याखालून यावे तसे काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचत होते. शब्द पाठ असल्यामुळे आपण कुठे आहोत एवढे त्यांना कळत होते. सुप्रभाचा गंधार आता येईल, हे त्यांना माहीत होते; तो आला की नाही, हे माहीत नव्हते. टेबलावरच्या कोणी ऐन वेळी जुनीच फाइल लावली असेल, कोणाच्या सूचनेवरून कीबोर्ड परत घातला असेल, काहीही शक्य होते. शेजाऱ्याला विचारणे सोपे होते. पण सुयशचे डोळे भरून आले होते, आणि अशा अवस्थेतला साक्षीदार त्यांना नको होता.

त्यांनी सभागृहावर नजर फिरवली. तिसऱ्या रांगेत एक वयस्क, टापटीप गृहस्थ बसले होते. सकाळच्या नाट्यगीतांना त्यांनीच पेटीची साथ केली होती आणि ती चांगली केली होती. हात मांडीवर, बोटे आपोआप पट्ट्या शोधत होती. ओळ पुढे सरकली. मधुमतीबाईंनी ओठांतल्या ओठांत शब्द मोजले. गंधार जिथे यायला हवा, नेमक्या त्या अक्षरावर गृहस्थांचा चेहरा आंबट झाला आणि त्यांनी शेजारच्याकडे वळून मान हलवली.

दुसऱ्या ओळीतही त्याच अक्षरावर. तिसऱ्याही. एकदाही चुकले नाहीत.

मधुमतीबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी यंत्र काढून पर्समध्ये टाकले.